तुमचं पत्र, आमचं उत्तर: या वेळी सगळी पत्रं कायमेराचीच

मागच्या अंकात रक्ताच्या कॅन्सरवरच्या कार-टी उपचाराबद्दल लेख होता. कार म्हणजे 'कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर', एवढं एका ओळीत त्यात होतं, अन् त्या एका शब्दावरून इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत. मधुमेहवाल्यांनी राग मानू नये.

प्रश्न: आठवीच्या वर्गात एका पोरीनं विचारलं, मॅडम कायमेरा म्हंजे काय. डिक्शनरीत बघितलं तर लिहिलंय तीन जनावरांचा राक्षस, त्याच्याखाली लिहिलंय खुळी कल्पना. नेटवर टाकलं तर मासा येतो, डीएनए येतं, अजून कायकाय येतं. यातलं खरं कुठलं सांगू?
– एक शिक्षिका, सेलू

उत्तर: मॅडम, सगळंच खरं आहे, फक्त क्रमानं सांगा म्हणजे पोरांचा गोंधळ होणार नाही. पहिली आली ती ग्रीक गोष्टीतली. होमरच्या इलियडमध्ये सहाव्या सर्गात तिचं वर्णन आहे, पुढून सिंह, मधी शेळी, मागून साप, अन् तोंडातून जाळ. बेलेरोफोन नावाच्या वीरानं तिला मारलं, अन् नंतरच्या कथांत तो पेगासस या पंखवाल्या घोड्यावर बसून येतो. ती राहायची लिकिया प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा नैऋत्य किनारा. तिथं यानारताश नावाचा डोंगर आहे, खडकाच्या फटींतून मिथेन वायू येतो अन् रात्रंदिवस पेटलेला असतो, आजही. जाळ ओकणाऱ्या जनावराची गोष्ट त्याच डोंगरावरून निघाली असावी असं जुने लेखकसुद्धा सांगून गेलेत. आणि गंमत म्हणजे ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ नुसता 'तरुण शेळी', आपण जिला पाठ म्हणतो, एवढाच, म्हणजे सिंह अन् साप दोघंबी बाजूला राहिले अन् नाव पडलं ते बिचाऱ्या शेळीचं.

असलं जनावर कुठं नसतंच, म्हणून युरोपातले मध्ययुगातले तर्कशास्त्रवाले 'जी गोष्ट अस्तित्वातच नाही' तिचं उदाहरण द्यायचं म्हटलं की कायमेरा म्हणायचे. आपल्याकडच्या पंडितांनी त्याच कामाला सशाचं शिंग, आकाशातलं फूल, वांझेचा पोरगा असली मंडळी ठेवली होती. 'खुळी कल्पना' हा अर्थ तिथून आलाय. पण सशाचं शिंग आजपर्यंत कुणाला सापडलं नाही अन् कायमेरा मात्र सापडला. 1907 मध्ये हान्स विंकलर या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञानं टोमॅटो अन् कामोणीचं कलम केलं, त्यातून एक असा कोंब निघाला की अर्धा टोमॅटोचा अन् अर्धा कामोणीचा, त्याला त्यानं हे नाव दिलं. तेव्हापासून विज्ञानात कायमेरा म्हणजे एकाच शरीरात दोन वेगवेगळ्या जीवांच्या पेशी शेजारी शेजारी जिवंत असणं.

इथं पोरं हमखास चुकतात म्हणून थोडं थांबून सांगा. खेचर हा कायमेरा नाही, तो संकर आहे. खेचराच्या प्रत्येक पेशीत घोडीचा अर्धा अन् गाढवाचा अर्धा वाटा असतो, कुठलीबी पेशी काढा, सारखीच निघंल. कायमेरा म्हणजे आजीनं शिवलेली वाकळ, हा तुकडा लुगड्याचा अन् तो धोतराचा, शिवण एक असली तरी तुकडे आपापले. पेशी एकमेकीत मिसळत नाहीत, एकमेकीच्या शेजारी नांदतात.

प्रश्न: आमच्या देवणी गाईला जुळं झालंय, एक गोऱ्हा अन् एक कालवड. सगळे खूश हायेत, पण शेजारचे म्हातारे आबा म्हणायलेत की गोऱ्ह्याबरोबरची कालवड ठेवू नको, ती गाभण राहत नसती. ह्ये खरंय का आंधळी समजूत हाय? कालवड दिसायला एकदम चांगली हाय.
– एक शेतकरी, उदगीर

उत्तर: आबांचं ऐका. जुन्या माणसाची प्रत्येक गोष्ट खरी नसती, पण ही शंभर नंबरी खरी आहे, अन् सांगायला आनंद होतो की या महिन्यातला सगळ्यात अस्सल कायमेरा तुमच्याच गोठ्यात बांधलेला असण्याची दाट शक्यता आहे.

होतं काय तर गाईच्या पोटात जुळं असलं की बहुतेक वेळा दोन्ही वासरांचे जार एकमेकाला चिकटतात अन् त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात. वासरं अगदी बारकी असताना, गाभाच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांतच हे होऊन जातं. मग याचं रक्त तिच्यात अन् तिचं याच्यात. गोऱ्ह्याची नर हार्मोन कालवडीकडं जातात अन् तिची अंडाशयं, गर्भाशय वाढायचं त्या काळात नीट वाढतच नाही. बाहेरून कालवड, आतून अर्धवट. नर-मादी जुळ्यातल्या 100 पैकी 90 हून जास्त कालवडी अशा वांझ निघतात. इंग्रजीत अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात. जॉन हंटर या सर्जननं 1779 मध्ये त्यावर लिहिलं, रोमन लोकांनाही असली वांझ गाय माहीत होती, म्हणजे तुमच्या आबांसारखे आबा तिकडंही होते.

नुसती हार्मोन जाऊन थांबलं असतं तर त्याला कायमेरा म्हटलं नसतं. रक्त तयार करणाऱ्या पेशीपण इकडून तिकडं जातात अन् हाडाच्या मगजात घर करून बसतात, त्या तिथून जन्मभर हलत नाहीत. 1945 मध्ये रे ओवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाला दिसलं की जुळ्या वासरांच्या अंगात दोन-दोन प्रकारच्या रक्तपेशी आहेत, एक स्वतःच्या अन् एक भावंडाच्या, अन् शरीर त्या परक्या पेशींना काहीच करत नाही. परकं अवयव शरीर का फेकून देतं अन् कधी फेकत नाही, या प्रश्नाला इथून वाट फुटली. पुढं बर्नेट अन् मेडावर या दोघांना 1960 चं नोबेल मिळालं ते याच विषयावर. म्हणजे आज किडनी बदलतात, हाडातला मगज बदलतात त्या सगळ्या शास्त्राच्या बुडाशी एक जुळं वासरू आहे, हे लोकांना सांगितलं तर हसतात.

आता तुमच्या कालवडीचं. लगेच विकायची घाई करू नका, आधी जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. वासरू महिनाभराचं असतानासुद्धा योनीमार्गाची खोली तपासून अंदाज येतो, वांझ कालवडीत तो निम्म्याच्या आसपास आखूड असतो. बाहेरूनही कधी कधी दिसतं, मूत्रद्वाराशी केसांचा लांब झुपका असतो. पक्कं करायचं तर रक्ताची तपासणी, कालवडीच्या रक्तात नराचं वाय गुणसूत्र सापडलं की विषय संपला. तेवढी एक तपासणी केली नाही तर अडीच-तीन वर्षं चारा-पेंड घालत बसाल अन् माजावर यायची वाट बघाल, हे लई जणांचं झालंय. दहातली एखादी चांगली निघतेसुद्धा, म्हणून नुसत्या अंदाजावर विकूही नका. गोऱ्ह्याला सहसा काही होत नाही, तरी त्याला वळू म्हणून ठेवायचं असंल तर तेही तपासूनच.

प्रश्न: वरच्यासारखंच विचारतो. आमच्याकडं उस्मानाबादी शेळ्या हायेत, जुळं तर नेहमीचंच, बोकड अन् पाठ सोबत होतात, पाठी सगळ्या गाभण राहतात. मग गाईचं असं का? आणि शेळी-मेंढीचं मिश्र पिल्लू होतं का?
– शेळीपालक, धाराशिव

उत्तर: शेळीच्या पोटात दोन जार शेजारी असले तरी त्यांच्या रक्तवाहिन्या एकमेकीला सहसा जोडल्या जात नाहीत, एवढाच फरक. शेळीत वांझ जुळी पाठ होतच नाही असं नाही, पण क्वचित. उस्मानाबादी शेळीचं नावच जुळ्यासाठी, तिथं गाईसारखं झालं असतं तर ही जात टिकली नसती.

दुसरं, शेळी अन् मेंढीचा संकर जवळपास होत नाही, मेंढीला गुणसूत्रं 54 अन् शेळीला 60, गर्भ राहिला तरी बहुतेक टिकत नाही. पण 1984 मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी वेगळा रस्ता धरला, शेळीचा अन् मेंढीचा अगदी सुरुवातीचा गर्भ घेऊन पेशी एकत्र केल्या अन् मेंढीच्या पोटात वाढवल्या. जी पिल्लं झाली त्यांच्या अंगावर कुठं लोकरीचा पट्टा अन् कुठं शेळीचे सरळ केस. त्या पिल्लाला चार आई-बाप. होमरच्या शेळीला तीन हजार वर्षांनी जोडीदार मिळाला म्हणायचं. बाजारात कुणी 'शेळी-मेंढी क्रॉस, जास्त वजन' म्हणून काही विकायला आलं तर मात्र पैसे देऊ नका.

प्रश्न: धाकट्या भावाचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालंय, बहिणीनं मॅरो दिला. आता रिपोर्टवर लिहून आलंय 'डोनर कायमेरिझम 98 टक्के'. घरात सगळे घाबरलेत, कायमेरा म्हंजे राक्षस असं पोरानं मोबाईलवर बघून सांगितलं. काय समजायचं?
– लातूर

उत्तर: आधी श्वास घ्या, हा आकडा चांगला आहे. ट्रान्सप्लांटनंतर मुद्दाम ही तपासणी करतात. भावाच्या रक्तात बहिणीच्या मगजापासून, म्हणजे मॅरोपासून, बनलेल्या पेशी किती अन् त्याच्या स्वतःच्या किती, ते डीएनए बघून मोजतात. 98 म्हणजे रक्त जवळपास सगळं बहिणीच्या पेशींचं चाललंय, ट्रान्सप्लांट करताना हेच हवं असतं. ल्युकेमियासारख्या आजारात हा आकडा उतरायला लागला तर डॉक्टर लक्ष देतात, थॅलेसेमियात कधी कधी अर्धवट मिश्रणसुद्धा पुरतं. त्यामुळं एकाचा रिपोर्ट दुसऱ्याशी ताडून बघू नका, तुमच्या डॉक्टरला विचारा अन् मागच्या रिपोर्टचा आकडा सोबत न्या.

दोघांचे रक्तगट वेगळे असतील तर काही महिन्यांत भावाचा रक्तगट बदलून बहिणीचा होईल. नवीन गट आधारच्या फाईलीत, पाकिटात, सगळीकडं लिहून ठेवा, पण जुना खोडू नका, रक्त देताना ब्लड बँकेला दोन्ही माहिती लागतात. अन् घरात कुणीतरी हळूच विचारणारच म्हणून सांगतो, पुढं त्याला लेकरं झाली तर त्यांना डीएनए त्याचाच जाईल, बहिणीचा नाही. मगज बदलला तरी ते बीज बदलत नाही.

आणि त्याच्या औषधांच्या यादीत 'रिटुक्सिमॅब' असंल तर तेही याच घराण्यातलं. अँटीबॉडी म्हणजे शरीरातलं जंतू पकडणारं प्रथिन. उंदराच्या अँटीबॉडीचा पकडणारा भाग अन् माणसाच्या अँटीबॉडीचं धड जोडून केलेलं, म्हणून नावाच्या शेवटी 'क्सिमॅब', त्यातलं 'क्सि' हे कायमेराचं. मागच्या अंकातलं कार-टी तेच करतं, अँटीबॉडीचा तुकडा अन् रक्तातल्या लढणाऱ्या टी-पेशीला 'मार' म्हणून सांगणारा तुकडा एकत्र शिवतात. आयआयटी मुंबई अन् टाटा मेमोरियलनं मिळून केलेल्या नेक्सकार-19 ला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली, ती आपल्या देशातली पहिली.

प्रश्न: कोर्टात डीएनए रिपोर्ट आला की पुढं बोलायला जागाच राहत नाही. कायमेरामुळं डीएनए रिपोर्ट चुकू शकतो असं ऐकलं. आमच्या कामाला येईल का?
– वकील, बीड

उत्तर: वकीलसाहेब, तुमचा हेतू कळला. झालंय असं, पण जगात मोजक्या वेळा. अमेरिकेत 2002 च्या सुमारास एका बाईनं सरकारी मदतीसाठी अर्ज केला, डीएनए तपासणीत आलं की लेकरं बापाची आहेत पण हिची नाहीत. बाळंत तर हीच झालेली. कोर्टानं पुढच्या बाळंतपणाला माणूस उभा केला, जागेवर रक्त घेतलं, तरी तेच उत्तर. शेवटी तिच्या गर्भाशयमुखाच्या पेशी तपासल्या तेव्हा त्या जुळल्या. ती स्वतःच दोन गर्भ एक होऊन जन्माला आलेली, रक्त एका गर्भाचं अन् बाकी काही भाग दुसऱ्याचा. त्याच्या थोडं आधी बोस्टनला एका बाईला किडनी हवी होती, मुलांची तपासणी केली तर तिघांतले दोघं 'तिचे नाहीत' असं आलं, तिथंही तेच निघालं. माणसातला असा पहिला प्रकार इंग्लंडात 1953 मध्ये छापून आला, रक्तदान करायला आलेल्या बाईच्या रक्तात ओ अन् ए दोन्ही गट, तिचा जुळा भाऊ तान्हेपणीच गेलेला, त्याच्या पेशी हिच्यात राहून गेल्या होत्या.

तर रिपोर्ट चुकला नव्हता, नमुना चुकीच्या जागचा होता. तुमच्या अशिलाकडं तसा खरोखर संशय असंल तर रक्त सोडून दुसऱ्या जागचा नमुना मागता येतो. पण प्रत्येक पितृत्वाच्या केसमध्ये हे हत्यार काढायला लागलात तर न्यायाधीश एकदाच ऐकून घेतील. आणि पोरगं नाकारायला बसलेल्या बापाच्या बाजूनं हे वापरायचं असंल तर आमच्याकडून काही मदत नाही, सरळ सांगतो.

थोड्या प्रमाणात कायमेरा तर बहुतेक सगळ्याच आया असतात. गरोदरपणात लेकराच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात अन् राहतात. 1996 मध्ये डायना बियांची अन् सहकाऱ्यांनी दाखवलं की मुलगा झाल्यावर 27 वर्षांनीसुद्धा आईच्या रक्तात त्या मुलाच्या पेशी सापडल्या. प्रमाण लई थोडं, त्यानं रिपोर्ट बिघडत नाही.

प्रश्न: मोसंबीच्या एका झाडाला एका फांदीवर मोसंबी अन् दुसऱ्या फांदीवर लिंबासारखी आंबट फळं लागलीत. आणि दुसऱ्या झाडावर एक फळ असं आलंय की सालीवर फोडीएवढा एक पट्टा वेगळ्याच रंगाचा. हे दोन्ही कायमेरा का?
– बागायतदार, अंबड

उत्तर: पहिलं नाही, दुसरं हो. आंबट फळाची फांदी बुडाकडं बघत जा, ती डोळा बांधलेल्या जागेच्या खालून निघाली असंल. म्हणजे जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा जो खुंट आहे त्याची फूट, काटेरी असते अन् वरच्यापेक्षा जोमात वाढते. लगेच बुडातून काढा, नाहीतर दोन-तीन वर्षांत मोसंबी दबून जाईल अन् तुम्ही नर्सरीवाल्याला शिव्या देत बसाल.

पट्टेवालं फळ मात्र खरं. कळीच्या एखाद्या पेशीत बदल झाला अन् तिच्यापासून वाढलेला भाग तेवढा वेगळा निघाला. लिंबूवर्गात हे पुष्कळ दिसतं, काळजीचं काही नाही. अशी पूर्ण फांदीच वेगळी, बी कमी, रंग चांगला, अशी निघाली तर तिच्यावर खूण करून ठेवा अन् दोन बहार बघा, फळबागेतल्या कितीतरी जाती असल्या एका फांदीवरूनच आल्यात. खुंट अन् कलम दोघांच्या पेशी शेजारी नांदून झालेला जगातला सगळ्यात जुना नोंदलेला नमुना पण लिंबूवर्गातलाच, इटलीत फ्लॉरेन्सला 1644 मध्ये सापडलेला 'बिझारिया', एकाच फळावर महाळुंगाचे अन् आंबट नारिंगाचे पट्टे.

घरी पोरांना दाखवायचं असंल तर कुंडीतलं पिवळ्या काठाचं स्नेक प्लांट घ्या. त्याच्या पानाचा तुकडा लावला की नवीन रोप येतं ते साधं हिरवं, पिवळा काठ गायब, कारण काठाच्या पेशी वेगळ्या अन् आतल्या वेगळ्या. काठ पाहिजे तर कंदाचे भाग करून लावा.

प्रश्न: वेरूळला मकर, नरसिंह असली दोन-तीन जीवांची मिश्र रूपं कोरलीत, किल्ल्यांच्या दारावर शरभ असतो. म्हणजे कायमेराचं विज्ञान आपल्याकडं आधीपासून होतंच ना? हे कुणी लिहीत नाही.
– परभणी

उत्तर: कल्पना होती, विज्ञान नव्हतं, अन् कल्पना फार भारी होती, तिला उगीच प्रयोगशाळेचा कोट घालायची गरज नाही. कैलास लेण्यात गंगा मकरावर उभी आहे, दशावतार लेण्यात नरसिंह आहे, ओडिशात सारळा दासांच्या महाभारतात नऊ प्राण्यांचा मिळून झालेला नवगुंजर अर्जुनासमोर येतो. ग्रीकांची कायमेरा मारायची होती, आपल्याकडं नरसिंहाला अन् नवगुंजराला हात जोडतात, हा फरक मला जास्त लिहिण्यासारखा वाटतो. पोखर्णीच्या नृसिंहाला तुम्ही जात असालच, तिथं गर्दीत उभं राहून कुणी पेशी मोजत नाही.

प्रश्न: मोबाईलवर व्हिडिओ फिरायलाय, शेळीला माणसाच्या तोंडाचं पिल्लू झालं म्हणून, बाया नारळ फोडायल्यात. हा कायमेरा का?
– जिंतूर

उत्तर: नाही, अन् माणसाचा त्यात काही संबंध नाही, तसं होऊच शकत नाही. गर्भाची वाढ बिघडली, तोंड चपटं राहिलं, अंगात पाणी भरलं की पिल्लू तसं दिसतं. दोन तोंडाचं वासरूसुद्धा कायमेरा नव्हे, एकाच गर्भाचे अर्धवट झालेले दोन भाग. असली पिल्लं बहुतेक जगत नाहीत. एखादं गाभडलेलं पिल्लू तसं निघालं तर उघड्या हातानं उचलू नका, ब्रुसेलोसिससारखे काही आजार माणसाला लागतात. हातमोजे घाला, डॉक्टरला कळवा अन् खड्ड्यात चुना टाकून पुरा. नारळ घरी चटणीला वापरा.

प्रश्न: कायमेरा मासा खातात का?
– नांदेड

उत्तर: शार्कचा लांबचा भाऊबंद आहे, हाडं नसतात, नुसती कूर्चा, खोल समुद्रात राहतो, तोंड सशासारखं अन् शेपूट उंदरासारखं. काही देशांत खातात. गोदावरीत मिळायचा नाही, मरळच घ्या.